चाल कुणाची, गळा कुणाचा

टीव्हीवर गाण्याची स्पर्धा सुरू झाली की पुण्यात दोन पक्ष पडायला आठवडाही लागत नाही. एका पक्षाचं म्हणणं असं की बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची, लताबाईंची, आशाताईंची, वसंतरावांची गाणी होऊन गेलेली आहेत. पोरांनी ती जशीच्या तशी म्हणावीत, एकही जागा, म्हणजे गळ्यातून घेतलेलं एखादं खास वळण, इकडची तिकडे करू नये, आणि झेपत नसेल तर दुसरं गाणं घ्यावं. दुसरा पक्ष विचारतो, नक्कलच ऐकायची तर मूळ ध्वनिमुद्रण खिशातल्या फोनवर आहे की! स्पर्धकानं स्वतःचं काही आणलं नाही तर मार्क कशाचे द्यायचे? सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहिलेल्या आजोबांपासून बाणेरच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत हे भांडण रंगतं आणि अंतिम फेरी झाली की पुढच्या पर्वापर्यंत झोपी जातं. गेली पंधरा-वीस वर्षं त्यात एक नवा मुद्दा आलेला मी ऐकलेला नाही.

याचं कारण दोन्ही पक्षांची फूटपट्टी एकच आहे. ती म्हणजे ध्वनिमुद्रण. एकाला त्याच्यापासूनचं अंतर शून्य हवं असतं, दुसऱ्याला भरपूर हवं असतं, पण मोजायचं अंतरच, यावर दोघांचं एकमत असतं. माझं म्हणणं असं की जुनं गाणं गाणारा स्पर्धक दोन माणसांना बांधील असतो: ज्यानं शब्द लिहिले त्याला आणि ज्यानं चाल बांधली त्याला. ज्या गायकानं किंवा गायिकेनं ते आधी गायलं, त्याचं ऋण त्याच्यावर जरूर आहे, बांधिलकी मात्र नाही. परीक्षकानं बघायचं ते हेच की चाल कळली आहे का, शब्द कळले आहेत का आणि जे कळलं ते गळ्यातून उतरलं का. हुबेहूबपणाला मार्क नकोत आणि वेगळेपणालाही नकोत.

आता पडद्यावर काय घडतं ते पाहा. एका मुलीनं आशाताईंचं गाणं म्हटलं की परीक्षक म्हणतात, डोळे मिटले आणि साक्षात आशाताईच समोर उभ्या राहिल्या. मग टाळ्या, डोळ्यांत पाणी, वरचा ‘सा’, म्हणजे पैकीच्या पैकी मार्क. त्याच भागात पुढचा मुलगा तितक्याच निगुतीनं बाबूजींचं गाणं म्हणतो आणि तेच परीक्षक त्याला सांगतात, छान झालं रे, पण यात तू कुठे आहेस? पुढच्या आठवड्यात तो बिचारा ‘स्वतःला’ शोधून आणतो, दोन आलाप आणि एक सरगम घालतो, तेव्हा ऐकून घेतो की एवढ्या थोर गाण्याला इतका हात लावायचा नसतो. या मुलानं करायचं काय? आणि ‘अंगावर काटा आला’ हा निकष तर मला कधीच कळला नाही. काटा परीक्षकाच्या अंगावर येतो, मार्क स्पर्धकाला मिळतात. तो काटा गाण्यामुळे आला की आपल्या लहानपणीच्या रेडिओच्या आठवणीमुळे, हे कोण तपासणार?

हुबेहूब पक्षाचा सगळा डोलारा ‘मूळ’ या कल्पनेवर उभा आहे, म्हणून आधी तिच्याकडेच बघू. उदाहरण पुण्याचंच घेतो. गीतरामायणातलं गाणं स्पर्धेत आलं की ते सुधीर फडक्यांच्या आवाजाशी ताडून पाहिलं जातं. पण गीतरामायणाचं मूळ म्हणजे नेमकं काय? 1 एप्रिल 1955 ते 19 एप्रिल 1956 या काळात पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक याप्रमाणे गदिमांनी (ग. दि. माडगूळकरांनी) लिहिलेली आणि बाबूजींनी चाल दिलेली ही 56 गाणी लोकांनी पहिल्यांदा ऐकली, तेव्हा ती एका आवाजात नव्हती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, लता मंगेशकर, सुरेश हळदणकर, मालती पांडे, राम फाटक असे अनेक आवाज त्यात होते. पात्र बदललं की गळा बदलत असे. पुढे बाबूजींनी सगळीच गाणी एकट्यानं गायला सुरुवात केली, त्यांच्या एकट्याच्या आवाजात ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि त्या घराघरांत गेल्या. सीता, कौसल्या, शबरी यांची गाणीही एक पुरुष गातो आहे आणि ऐकणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांना त्यात काही खटकत नाही. म्हणजे आज ज्याला आपण मूळ म्हणून कवटाळून बसलो आहोत, ते त्या गाण्यांचं दुसरं रूप आहे. आवाज बदलले, स्त्रीचा पुरुष झाला, नभोवाणीचा स्टुडिओ जाऊन सभागृह आलं. टिकलं काय? गदिमांचा शब्द आणि बाबूजींची चाल.

यावर कुणी म्हणेल, हा बदल खुद्द संगीतकारानं केला, त्याचा तो अधिकारच होता, गल्लीतल्या पोराचा नाही. मुद्दा रास्त आहे. पण अधिकाराचा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट शिल्लक राहते. रचना एका गळ्याला चिकटलेली नसते, गळा बदलला तरी ती जगते, हे खुद्द रचनाकारालाच मान्य होतं. एरवी त्यानं पहिल्याच वर्षी इतक्या जणांकडून गाऊन घेतलं नसतं.

नाट्यपदांकडे गेलं तर ‘मूळ’ आणखीनच निसटतं. बालगंधर्वांची पदं आपण ज्या तबकडीवर ऐकतो, ती 78 फेऱ्यांची तबकडी. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. रंगभूमीवर तेच पद ‘वन्समोअर’ घेत घेत कितीतरी लांबायचं, प्रत्येक फेरीत नव्या जागा यायच्या, आणि त्यासाठीच लोक रात्रभर बसत. तबकडीत जे उतरलं ते त्या दिवशी, त्या कर्ण्यासमोर किंवा मायक्रोफोनसमोर, घड्याळावर नजर ठेवून म्हटलेलं एक संक्षिप्त रूप होतं. ते अनमोल आहे यात वाद नाही. पण त्यातली प्रत्येक मुरकी म्हणजे शिलालेख, असं खुद्द बालगंधर्वांनी, म्हणजे नारायणराव राजहंसांनी, तरी मानलं असतं का? दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगात त्यांनी स्वतःच ती मुरकी बदलली असती, आणि पुढच्या रांगेतल्या रसिकांनी तेवढ्यासाठीच पुन्हा तिकीट काढलं असतं.

‘मानापमान’ 1911 साली रंगभूमीवर आलं, गोविंदराव टेंब्यांच्या चालींसह. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’चा प्रयोग झाला, त्यात केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्या रात्री वरचढ कोण ठरलं, यावर मराठी माणूस त्यानंतर कित्येक वर्षं भांडत राहिला. आजच्या अंतिम फेरीची ती पणजी म्हणायला हरकत नाही. पुढे धैर्यधराच्या पदांना मास्टर दीनानाथांनी आपल्या आक्रमक, फिरतीच्या गळ्याला साजेल असा वेगळाच रंग दिला आणि आज ती पदं अनेकांच्या कानात आहेत ती दीनानाथांच्या वळणाची. केशवरावांच्या चाहत्यांनी तेव्हा ‘हे मूळ नाही’ म्हणून दीनानाथांना बाद केलं असतं, तर आजच्या परीक्षकांकडे ताडून पाहायला ‘मूळ’ कुठलं उरलं असतं?

मात्र नाट्यपदाचा नियम भावगीताला सरसकट लावता येत नाही, हे मान्य केलंच पाहिजे. हुबेहूब पक्षाचा हा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे आणि तो त्यांच्यातले फार थोडे लोक नीट मांडतात. नाट्यपदात विस्ताराला जागा मोकळी ठेवलेली असते, भावगीतात ती संगीतकारानं बांधून टाकलेली असते. श्वास कुठे घ्यायचा, कुठला शब्द किंचित मागे रेंगाळायचा, कुठल्या अक्षरावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आणि कुठे सरळ सूर, हे श्रीनिवास खळे किंवा हृदयनाथ मंगेशकर यांच्यासारख्या संगीतकारांनी इतकं बारकाईनं घडवलेलं असतं की तिथे ‘ही चाल आणि ही गायकी’ अशी रेघ मारायला गेलं तर हात थरथरतो. बाबूजींच्या बाबतीत तर संगीतकार आणि गायक एकच माणूस. मग तिथे लवायचं कुणापुढे आणि सुटायचं कुणापासून?

रेघ पुसट असेल, पण ती नाहीच असं नाही. मंगेश पाडगावकरांचं ‘श्रावणात घन निळा बरसला’ घ्या. खळ्यांनी त्यातल्या प्रत्येक अंतऱ्याला वेगळी चाल दिली आहे आणि प्रत्येक वेळी वेगळ्या वाटेनं ते ध्रुवपदाला येऊन मिळतात. ही रचना आहे. ज्या स्पर्धकानं दुसरा अंतरा पहिल्याच्या वळणावर नेला, त्याचा आवाज कितीही गोड असो, त्यानं गाणं चुकवलं, आणि परीक्षकानं तसं तोंडावर सांगितलं पाहिजे. पण त्याच गाण्यात ओळीच्या शेवटी लताबाईंच्या गळ्यातून सहज सांडलेला एखादा कण दुसऱ्या गळ्यातून तसाच सांडला नाही, तर बिघडलं काय? फरक ओळखायचा कसा, असं विचाराल तर कुठल्याही वादकाला विचारा. ती जागा काढून टाकली तर ओळ आपल्या मुक्कामाच्या सुरावर पोचते का? सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हलते का? शब्दाचा अर्थ सरकतो का? यांपैकी काही बिघडत असेल तर ती जागा संगीतकाराची समजावी, नसेल बिघडत तर गळ्याची. मागे बसलेला पेटीवाला हे पहिल्या तालमीत सांगू शकतो. समोर बसलेल्या परीक्षकांनाही कळत असतंच, कारण त्यातले बरेच जण स्वतः संगीतकार किंवा तयारीचे गायक असतात. कळत असून ते बोलत नाहीत, हा माझा आक्षेप आहे.

बाबूजींच्या गाण्यांतही हेच लावून बघता येतं. त्यांचा स्वच्छ शब्दोच्चार, ‘श’ आणि ‘ष’ यांतला फरक राखणं, जोडाक्षर न चिरडता सुरात बसवणं, हा चालीचाच भाग आहे, कारण चाल त्या अक्षरांच्या वजनावरच बांधलेली आहे. तो प्रत्येक गाणाऱ्यानं घेतलाच पाहिजे. पण बाबूजींचा आवाज लावण्याचा खास ढंग ही त्यांच्या शरीराची देणगी. आमचे तरुण गायक नेमकं उलटं करतात. ढंग उचलतात आणि जोडाक्षर चिरडतात. आणि ढंग बरोबर उतरला म्हणून त्यांना मार्क मिळतात.

अरुण दाते यांच्या कार्यक्रमांना गेलेल्यांना आणखी एक गोष्ट आठवेल. ‘शुक्रतारा’ हे द्वंद्वगीत ध्वनिमुद्रिकेवर त्यांनी सुधा मल्होत्रांबरोबर गायलं, पण नंतरच्या अनेक वर्षांत रंगमंचावर त्यांच्या जोडीला किती गायिका बदलल्या! प्रत्येकीचा पोत निराळा. पुण्याचे श्रोते, जे चहात साखर कमी पडली तरी पत्र लिहितात, त्यांनी कधी ‘सुधाबाईंसारखं नाही’ म्हणून सभागृह सोडलं नाही. म्हणजे कार्यक्रमात आपण जे सहज करतो, ते स्पर्धेत करायला नकार देतो.

हुबेहूब पक्षाचा दुसरा मुद्दा असा की अनुकरणाशिवाय शिक्षण नाही. हेही खरं. तालमीत शिष्य वर्षानुवर्षं गुरूच्या मागे म्हणत असतो, सुरुवातीला खोकलासुद्धा गुरूसारखा काढतो. कुमार गंधर्व लहानपणी बड्या बड्या गवयांच्या तबकड्या तंतोतंत म्हणून दाखवायचे आणि लोक थक्क व्हायचे. पण नंतर काय झालं? देवधर मास्तरांकडे शिकून, स्वतःचा विचार करून, याच माणसानं पुढे ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला. ज्याला नक्कल सगळ्यांत सोपी होती, त्यानं ती केली नाही. गंधर्वांची पदं घेतली, चालीचा गाभा राखला आणि त्या पदांत आपल्याला काय दिसलं ते गाऊन दाखवलं. सगळ्याच गंधर्वभक्तांना ते रुचलं असं नाही. पण जुन्या गाण्याकडे कसं जावं याचा याहून चांगला धडा मराठीत दुसरा मला सापडलेला नाही. वाहिन्यांनी पर्व सुरू होण्याआधी स्पर्धक आणि परीक्षक दोघांनाही तो एकदा बसून ऐकायला लावावा.

तालीम आणि ध्वनिमुद्रण यांतला फरकही विसरून चालत नाही. गुरू चुकलेलं दुरुस्त करतो, तुझ्या गळ्याला ही जागा नको म्हणून सांगतो, पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारसूर, बदलायला लावतो. ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा तेच म्हणतं. सवाई गंधर्वांकडे भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर शिकले. तालीम एकाच घराण्याची, आणि तिघांची गाणी तीन दिशांना. दस्तूरांचं उदाहरण मात्र माझ्या विरोधात जाऊ शकतं, तेही सांगून टाकतो. 1953 पासून पुण्यात भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवात दस्तूरबुवा सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँसाहेब यांची ठुमरी म्हणायचे, तेव्हा मंडपातले जाणते लोक खाँसाहेबांची सय येते म्हणूनच सुखावायचे. सय येण्याचा हा आनंद खोटा नाही. पण ती सय दस्तूरांच्या आयुष्यभराच्या साधनेतून झिरपत येत होती, आणि त्यांना कुणी त्यासाठी शंभरपैकी मार्क देत नव्हतं. आठवण देणं हा गाण्याचा एक गुण असू शकतो. गाण्याची परीक्षा त्या एका गुणावर बेतली की ‘व्हॉइस ऑफ अमुक’ म्हणून ऑर्केस्ट्रात गाणारे कलावंत सगळ्या स्पर्धा जिंकायला हवेत. त्या कलावंतांचा मला आदर आहे. निदान ते पाटीवर खरं लिहितात.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. तो आधुनिक दिसतो म्हणून त्याला फारसं कुणी उलट विचारत नाही. स्वतःचं काही आणा, म्हणजे काय आणा? टीव्हीवर त्याची ठरलेली उत्तरं आहेत. सुरुवातीला ताल नसलेला लांबलचक आलाप, मध्ये सरगमचा फवारा, शेवटी गिटार आणि ड्रम चढत जाऊन वरच्या षड्जावर आरोळी. गाणं विरहाचं असो, अभंग असो की लावणी, साचा एकच. सुरेश भटांच्या गझलेत पहिली ओळ अपेक्षा जागवते आणि दुसरी ओळ ती फोडते. त्या दोन ओळींच्या मध्येच सरगम घालून जो टाळ्या घेतो, त्यानं शेर मारला. हे नवं नाही, बेफिकीर आहे. आणि परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात, कारण पट्टी वर गेली.

वेगळेपणाला कारण असलं की तो वेगळेपणा राहत नाही, ती गरज होते. ‘कट्यार काळजात घुसली’ 1967 साली आलं, तेव्हा ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद नाटकात दोन प्रकारे गायलं गेलं. प्रसाद सावकारांनी एका वळणानं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेतल्या वसंतराव देशपांड्यांनी दुसऱ्याच. शब्द तेच, पण संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी दोन घराणी, दोन स्वभाव समोरासमोर उभे केले. नाटकाचा विषयच मुळी दोन गायकींतली चुरस, आणि त्यात कुणाची वरचढ हे नुसत्या गोडीवर ठरत नाही. स्पर्धकानं गाणं बदललं तर परीक्षकानं एवढंच विचारावं, हे इथे का बदललंस? ‘माझ्या गळ्याला वरचा पंचम दमवतो, म्हणून मी ती ओळ खालून घेतली,’ हे उत्तम उत्तर आहे. ‘कवितेत इथे ती थांबते, म्हणून मी थांबले,’ हे त्याहून उत्तम. ‘सर, मला थोडा माझा टच द्यायचा होता,’ हे उत्तर नाही.

पट्टीचा विषय निघालाच आहे तर जरा रेंगाळतो. लताबाईंचं पेटीवरच्या काळी चार-पाचातलं गाणं एखाद्या मुलानं काळी एकमध्ये म्हटलं की गाण्याचा सगळा प्रकाश बदलतो. मूळ ध्वनिमुद्रणात जी ओळ तार सप्तकात तळपत होती ती इथे मध्यावर येते, आणि परीक्षकांना ‘मजा नाही आली’. मजा येणार कशी, कान काळी पाचातलं ऐकत होते! त्या मुलानं खर्जाकडे झुकणाऱ्या ओळींत काय केलं, खालचा पंचम भरीव लागला का, याकडे लक्षच नसतं. उलट, या भीतीनं मुलं आपल्या पट्टीपेक्षा वर जाऊन गातात आणि अंतऱ्यात आवाज फाटतो. ही चूक गळ्याची नाही, मार्क देण्याच्या पद्धतीची आहे.

एक आक्षेप उरतो आणि तो सगळ्यांत व्यवहारी आहे. हा मनोरंजनाचा कार्यक्रम आहे, प्रेक्षकाला त्याच्या आठवणीतलं गाणं ऐकायचं असतं, तुम्ही कुठे गांधर्व महाविद्यालयाची परीक्षा घेऊन बसलात? प्रेक्षकाचा हक्क मला मान्य आहे. त्यानं आवडीवर मत द्यावं, शेजारच्या गल्लीतली म्हणून द्यावं, गोड दिसते म्हणूनही द्यावं. मतदान म्हणजे तेच. या कार्यक्रमांचं एक श्रेयही कबूल करायला हवं. 2009 साली संपलेल्या लिटल चॅम्प्सच्या पर्वानंतर नाट्यपद, अभंग, भावगीत ही मंडळी, जी बालगंधर्व रंगमंदिरातल्या पिकल्या केसांपुरती उरत चालली होती, ती पुन्हा शाळकरी पोरांच्या तोंडी आली. एका पिढीनं पाडगावकर आणि शांताबाई शेळके यांची नावं पहिल्यांदा ऐकली ती तिथे. पण प्रेक्षक आवडीनं मत देणारच असेल आणि परीक्षकानंही आवडीनंच द्यायचं असेल, तर परीक्षकाची खुर्ची हवी कशाला? जे प्रेक्षकाला ऐकू येत नाही ते त्याला ऐकवण्यासाठीच तो तिथे बसलेला आहे. दुसऱ्या अंतऱ्याची चाल वेगळी होती, ही एक ओळ परीक्षकानं सांगितली तर लाखभर घरांत ते गाणं त्या रात्रीपासून वेगळं ऐकलं जाईल.

पुण्याला नकार देणारे परीक्षक माहीत नाहीत अशातला भाग नाही. 2022 साली पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा किती गदारोळ झाला! तो निर्णय बरोबर की चूक यावर माझं मत द्यायची ही जागा नाही. पण नाटकवाल्या पोरांना ‘कुणीच त्या पात्रतेचं नाही’ हे ऐकवता येतं आणि गाणाऱ्या पोरांना ‘तुझा मध्यम उतरला’ हेही ऐकवता येत नाही, ही तफावत विचित्र आहे.

मुलांच्या पर्वांत मात्र कडकपणा वेगळा हवा. दहा वर्षांच्या मुलीला मध्यरात्रीच्या विरहाचं गाणं द्यायचं आणि मग ‘भाव अजून यायला हवा’ म्हणायचं, हा प्रकार मला क्रूर वाटतो. तो भाव तिनं आणला तर तो नकलेतूनच येणार, दुसरीकडून येण्याची सोयच नाही. तिथे सूर, लय आणि स्वच्छ शब्द एवढंच तपासावं, आणि गाणं निवडणाऱ्या मोठ्या माणसाचे मार्क कापावेत. अनेकदा गाणं स्पर्धक निवडतच नाही, हेही प्रेक्षकांना सांगावं.

मला ठाऊक आहे, परीक्षक म्हणतील की एवढं बोलायला वेळ कुठे असतो, संकलनात सगळं कापलं जातं. कापलं जातं हे खरं असेल. पण त्याच भागात स्पर्धकाच्या गावचं घर दिसतं, अंगणातली तुळस दिसते, आजीची मुलाखत होते, बाबांना अश्रू आवरत नाहीत, सूत्रसंचालक परीक्षकांची थट्टा करतात आणि त्या थट्टेवर परीक्षक उठून दोन पावलं नाचतातही. त्यातला एक मिनिट काढून परीक्षकानं समोरची पेटी ओढावी, चुकलेली ओळ चालीत कशी आहे ती वाजवून, म्हणून दाखवावी, आणि मुलाकडून तिथेच पुन्हा म्हणवून घ्यावी. मग हवा तर वरचा ‘सा’ द्या.